रांजणकड्याची डावी बाजू

म्हशीने मागचा उजवा पाय टेकायचा सोडला होता. ओढ्याच्या उतारावर ती घसरली तेव्हा हरणाबाईला वाटलं, मुरगळला असेल, चार दिवसांत चालायला लागेल. पण मांडी सुजून दगडासारखी घट्ट झाली आणि म्हस गोठ्यात बसली ती बसलीच. माघ सरत आला होता. पठारावरून येणारा सकाळचा वारा कोरडा आणि गार असे, आणि त्या वाऱ्यातही म्हशीचा खरखरता श्वास चुलीपर्यंत ऐकू येई.

हरणाबाई वीट तापवून, पोत्यात गुंडाळून सुजेवर धरायची. एक गार झाली की दुसरी. तिचा नवरा धुळा याचे गुडघे धरलेले असत, तरी तो सकाळ-संध्याकाळ मुलाला, सिद्धूला, हाक मारायचा. मग म्हशीच्या पोटाखाली वासा घालून तिघं तिला कूस बदलायला लावत. एकाच कुशीवर पडलेल्या जनावराचं कातडं सोलवटतं, त्यात किडे पडतात. वासा उचलताना म्हस ओरडत नसे, फक्त डोळ्यांचा पांढरा भाग दिसायचा. सून स्वप्नाली दारातून बघत उभी राही. तिचं माहेर इस्लामपूरकडचं, सपाटीचं. आजारी जनावर तिने पाहिलं होतं, पण त्याच्या कानाशी तोंड नेऊन बोलणारी बाई पाहिली नव्हती.

घर रांजणकड्याच्या पायथ्याशी होतं. मागे सरळ उठलेला काळा कातळ, मधेमधे तांबूस मुरमाचे पट्टे, आणि पुढे वाईच्या बाजूला उतरत गेलेलं खोरं. पूर्वी इथे धनगरांची वस्ती होती. एकेक घर खाली गेलं, कुणी पुण्याला, कुणी कारखान्याच्या कामावर. हे एकच राहिलं, ते कड्यामुळे. पाऊस सरून कातळ सुकला की दोर घेऊन कडा चढणारी माणसं येत, पठारावर भटकायला येणारी येत, आणि ती सगळी इथेच जेवत. भाकरी, पिठलं, दही, चहा. सिद्धू आधी त्यांचे दोर वाहायचा. मग त्यांच्याकडूनच चढायला शिकला. आता पहिला दोर वर नेऊन बांधायचं काम त्याचंच असे. कडा चालू होता म्हणून हे घर वर राहिलं होतं. कडा बंद झाला असता तर सिद्धूला खाली उतरावं लागलं असतं, आणि त्याच्यामागून सगळ्यांना.

तसं व्हायची वेळ एकदा येऊन गेली होती. काही वर्षांपूर्वी कड्याच्या डाव्या बाजूला, वरून तिसऱ्या भागात, कातळातून पुढे आलेल्या एका सपाट ओट्यावर गिधाडांच्या जोडीने घरटं केलं. धुळाच्या लहानपणी कड्यावर पुष्कळ गिधाडं होती. मधल्या काळात एकही उरलं नव्हतं. ती परत आल्यावर वनखात्याचे साहेब आले आणि सगळा कडाच बंद करायचं म्हणू लागले. गिधाडं वर्षाला एकच अंडं घालतात, तेही थंडीत, म्हणजे नेमकं माणसं चढायला येतात त्याच दिवसांत. तेव्हा पुण्याच्या गिर्यारोहकांच्या संस्थेची प्रांजल नावाची बाई मधे पडली. वाईला बैठक झाली. घरटं चालू असेल तोवर, मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत, डावी बाजू बंद; उजवी बाजू उघडी. मधे तांबडी फीत बांधायची, पाटी लावायची आणि त्या फितीची राखण सिद्धूने करायची. चढणाऱ्यांना अर्धा कडा मिळाला, गिधाडांना अर्धा, आणि सिद्धूला दोन्ही अर्ध्यांचं काम.

त्या बैठकीत साहेबांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. जनावराला दुखण्यावर जी सुई देतात, तिच्यातली काही औषधं गिधाडाला विषासारखी लागतात. सुई टोचलेलं जनावर मेलं तर ते उघड्यावर टाकू नका, पुरा. सिद्धूने ते ऐकलं होतं. घरी येऊन त्याने फितीचं सांगितलं, पाटीचं सांगितलं. सुईचं सांगायचं राहिलं. तेव्हा गोठ्यात आजारी जनावर नव्हतं.

आता होतं, आणि आता ते बोलायची सोय नव्हती. विटेने शेकत बसलेल्या आईला, ही मेली तर हिला पाखरांना देऊ नको, असं कोण सांगणार. जिवंत जनावराच्या तोंडावर त्याच्या मरणाचं बोलणं या घरात कुणी केलं नव्हतं. सिद्धूला वाटलं, म्हस उठली की प्रश्नच मिटला. म्हणून तो खालच्या गावातून जयराजला मोटारसायकलवर घेऊन आला.

जयराज जनावरांचा डॉक्टर नव्हता. एका डॉक्टरच्या हाताखाली काही वर्षं काढून आता तो स्वतःच बॅग घेऊन फिरायचा. वर यायला दुसरं कुणी तयार होत नसे. त्याने सुजेवर बोट दाबून पाहिलं, हाड शाबूत आहे म्हणाला, आणि बाटलीतून सुई भरली. सिद्धूच्या तोंडाशी आलं होतं की औषध कोणतं. पण जयराजने त्याच वेळी म्हशीची मान धरायला सांगितलं, आणि सुई गेली. लागोपाठ तीन दिवस तो आला. तिसऱ्या दिवशी म्हशीने वैरणीला तोंड लावलं. हरणाबाईने जयराजला दह्याचं गाडगं दिलं.

शनिवारी प्रांजलबरोबर दहा-बारा जण आले आणि सिद्धू पहाटेच त्यांच्याबरोबर उजव्या बाजूला गेला. ते दोरावर असताना म्हस मेली.

हरणाबाईच्या घराण्यात घरात व्यालेली म्हस विकत नसत. मेल्यावर पुरतही नसत. तिच्या शिंगांना तेल-हळद लावायची, तोंडात भाकरीचा तुकडा आणि गूळ ठेवायचा, आणि जांभळीच्या मोठ्या फाट्यावर घालून कड्याच्या पायथ्याच्या सपाट खडकावर ओढत न्यायची. घरच्या बाईने मागून पाणी शिंपडत जायचं आणि वळून न बघता परत यायचं. पाखरं उतरेपर्यंत घरात चूल पेटवायची नाही. गिधाडं नव्हती त्या वर्षांत हा नेम फार जड गेला होता. एकदा दीड दिवस कावळ्यांशिवाय कुणी आलं नाही आणि लहानग्या सिद्धूला शेजारच्या घरी जेवायला पाठवावं लागलं होतं. पुढे शेजारीही राहिले नाहीत. गिधाडं परत आली तेव्हा साहेबांना, प्रांजलला जो आनंद झाला तो हरणाबाईला निराळ्या कारणाने झाला होता. आता आपली जनावरं वाट बघत पडणार नाहीत.

धुळा आणि तिने मिळून म्हस ओढली. स्वप्नालीनेही हात लावला. उतार होता म्हणून जमलं. धुळा मधेमधे खाली बसून गुडघे चोळत होता. परतताना सासूने वळून पाहू नये म्हणून स्वप्नाली तिच्या मागे चालली.

दुपारी सिद्धू उजव्या बाजूने खाली आला तेव्हा त्याला आधी घराचा धूर दिसला. मग प्रांजलच्या लोकांचा आवाज. ते सगळे डावीकडे माना करून उभे होते. सपाट खडकावर मोठ्या तपकिरी पाखरांची दाटी झाली होती. कुणी दुर्बीण दुसऱ्याच्या हातात देत होतं, कुणी फोटो काढत होतं. प्रांजल हळू आवाजात म्हणाली की एवढी तिने कधी एकत्र पाहिली नव्हती, आसपासची सगळी आली असणार. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

सिद्धूने अंगावरचा पट्टा सोडला नाही. तो तसाच, कमरेच्या कड्या वाजवत घरी गेला. हरणाबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. तिचा चेहरा शांत होता.

"उतरली," ती म्हणाली. "आमी घरी येस्तवर उतरली. लय हाल न्हाई झालं तिचं."

तो दारातच उभा राहिला. आत्ता पळत गेलं, दगड मारले, आरडाओरडा केला तर पाखरं उठतील. पण प्रांजलचे लोक बघत होते. कशाला उठवलीस, म्हणून विचारतील. आणि इतक्या वेळात जे पोटात जायचं ते गेलं होतं. हे सगळं त्याने विचार करून ठरवलं असं नाही. तो उभा राहिला आणि वेळ गेली.

"जेव," हरणाबाई म्हणाली. "पावण्यांस्नी पण वाढाया घे."

रात्री त्याने स्वप्नालीला सांगितलं. तिने विचारलं, सगळी सुई वाईट असते का. सगळी नसते, तो म्हणाला. मग जयराजची कुठली होती? ते त्याला माहीत नव्हतं. तर मग गप बसावं, असं तिचं मत पडलं. कदाचित काहीच होणार नाही. सिद्धूलाही तेच ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. प्रांजलची माणसं गेली आणि दुपारी दुसरीकडून चार-पाच तरुण आले. त्यांनी घरी काही विचारलं नाही. सिद्धू ओढ्यावरून दोर धुऊन आला तेव्हा त्यातले दोघं तांबड्या फितीच्या पलीकडे, डाव्या कड्यावर चढलेले होते, आणि वर एक ड्रोन भुंग्यासारखा फिरत होता. सिद्धू खालून ओरडला. ते उतरेनात. शेवटी त्याने त्यांच्या खालच्या माणसाच्या हातातला दोर धरला आणि उतरला नाहीत तर असाच धरून बसतो म्हणाला. उतरल्यावर त्यांच्यातल्या एकाने विचारलं, कडा काय तुझ्या बापाचा आहे? सिद्धूने वनरक्षक नानासोला फोन केला. नानासो खालच्या गावातलाच, सिद्धूपेक्षा थोडा मोठा. त्याने येऊन नावं घेतली. ते लोक कोंबडीची हाडं, पिशव्या तिथेच टाकून गेले. सिद्धूने त्या गोळा केल्या. ओट्यावर एक पाखरू घरट्यात बसलेलं होतं. त्याची मान छातीत खचलेली दिसत होती. झोपलं असेल, त्याने स्वतःला सांगितलं. दिवसाढवळ्या ती अशी झोपत नाहीत हे त्याला माहीत होतं.

मंगळवारी पहिलं गिधाड कड्याखालच्या करवंदीच्या जाळीत सापडलं. पंख अर्धे उघडे, मान लोंबती. बुधवारी खडकाजवळ दोन. गुरुवारी ओट्यावरचं पाखरू कडेला आलं, थोडा वेळ डुलत उभं राहिलं, आणि उडालं नाही, पडलं. ते पडताना हरणाबाईने अंगणातून पाहिलं. तिला वाटलं उडताना काहीतरी चुकलं. खाली आदळल्याचा आवाज आल्यावर ती हातातली केरसुणी तशीच धरून उभी राहिली.

ओट्यावर पिलू होतं. पांढऱ्या लोकरीच्या गुंडाळीसारखं. दुर्बिणीतून त्याचं डोकं वर-खाली होताना दिसायचं. जोडीतलं दुसरं पाखरू परत आलंच नाही. जाळीत सापडलेलं तेच असावं.

शुक्रवारी साहेब आले, नानासो आला, साताऱ्याहून जनावरांच्या डॉक्टर आल्या. प्रांजल पुण्याहून एकटीच आली. मेलेली पाखरं अंगणात प्लास्टिकवर ठेवली. डॉक्टरबाईंनी तिथेच एक उघडलं. काळजावर आणि पोटातल्या पडद्यांवर पीठ शिंपडावं तसा पांढरा थर होता. त्यांनी तो हातमोज्याच्या बोटाने खरवडून पाहिला, साहेबांना जवळ बोलावून काहीतरी सांगितलं, आणि नमुने बाटल्यांत भरले. पुण्याच्या प्रयोगशाळेतून निकाल यायला वेळ लागेल म्हणाल्या.

साहेब तेवढं थांबायला तयार नव्हते. ते कडक माणूस होते, पण वाईट नव्हते. त्या सकाळी त्यांचा आवाज बसलेला होता. त्यांच्यापुढे नानासोने लिहिलेला रविवारचा पंचनामा होता. फीत ओलांडली, ड्रोन उडवला, मांस टाकलं. त्यांनी सांगितलं की कोणाच्या चांगुलपणावर आता कडा सोडता येणार नाही. उजवी, डावी, पठाराची वाट, सगळं बंद. कायमचं बंद करण्याचा प्रस्ताव ते आजच पाठवणार होते.

स्वप्नाली चहाचे पेले घेऊन आली होती. तिने ते खाली ठेवले आणि सिद्धूकडे पाहिलं.

प्रांजलने वाद घातला नाही. ती म्हणाली, "ते आमचे नव्हते, असं मी म्हणणार नाही. चढणारे म्हणजे आम्हीच. त्यांच्यामुळे हे झालं असेल तर आम्ही इथे येणं सोडतो. लिहून देते."

ती खरंच कागद मागू लागली. सिद्धू भिंतीला पाठ लावून उभा होता. त्याने तोंड उघडलं असतं तर शब्द दोनच होते, म्हस आणि सुई. पण ते दोन शब्द बोलल्यावर आईने काय केलं हे सगळ्यांना कळणार होतं, आणि त्याने काय केलं नाही हे आईला.

डॉक्टरबाईंनी सगळ्यांकडे बघत विचारलं, गेल्या आठ-दहा दिवसांत इथे आसपास कुणाचं जनावर मेलं होतं का. दुखण्याची सुई दिलेलं. तसं असेल तर ते अगदी स्पष्ट होईल, कारण त्या औषधाने पाखरांची मूत्रपिंडं बंद पडतात आणि आत हाच पांढरा थर साचतो.

प्रांजल शनिवारची ती दाटी आठवू लागली, पण पाखरांखाली काय होतं ते तिला दिसलं नव्हतं. नानासोला म्हशीचं माहीत नव्हतं. धुळाला नीट ऐकू आलं नव्हतं. हरणाबाई उंबऱ्याच्या आत उभी होती. तिने डॉक्टरबाईंचं ऐकलं, आणि मग तिने मुलाकडे पाहिलं. सिद्धूने मान खाली घातली. तेवढ्यावरून तिला दोन्ही गोष्टी कळल्या: पाखरं कशाने मेली, आणि मुलाला ते आधीच माहीत होतं.

ती बाहेर आली. पदर नीट केला.

"म्हस माजी हुती," ती म्हणाली. "शनवारी मेली. तिला सुया दिल्या हुत्या. मी आन् ह्येंनी वडून खडकावर नेली. त्या पोरांनी काय बी केल्यालं न्हाई."

साहेबांनी विचारलं, पुरायचं सांगितलं होतं ना? त्यांचा आवाज चढला नाही, पण नानासोने मान फिरवली.

"मला कुनी न्हाई सांगितलं," हरणाबाई म्हणाली. मग थांबून म्हणाली, "सांगितलं बी आसंल. माज्या ध्येनात न्हाई."

तिचा जबाब लिहून घेतला. अंगठा नाही, सही. तिने बोरूने लिहावं तसं दाबून नाव लिहिलं. जयराजकडची बाटली नानासोने जाऊन आणली. माणसांच्या औषधाच्या दुकानातली होती, मोठी बाटली, जनावरांना द्यायला बंदी असलेलं तेच औषध. आपल्याला बंदीचं माहीत नव्हतं, असं जयराज म्हणाला. ते खरं असेल किंवा नसेल.

उरलं पिलू. प्रांजल म्हणाली की वरून दोर टाकून सिद्धू आणि ती तासाभरात त्याला खाली आणतील. पुण्यात अशा पिलांना वाढवणारी माणसं आहेत. साहेबांनी लगेच नाही म्हटलं नाही. ते अंगणात फिरत फोन करत राहिले. असं पाखरू घरट्यातून उचलायला वरची लेखी परवानगी लागते, ती नागपूरहून यायची, आणि शनिवार-रविवार मधे होता. परवानगीशिवाय उचललं आणि हाताळताना मेलं तर जबाबदार कोण, हे त्यांनी प्रांजलला दोनदा समजावून सांगितलं. ती म्हणाली, इथेच मेलं तर? त्यावर साहेबांनी पुन्हा फोन कानाला लावला. जाताना त्यांनी सिद्धूला बजावलं, कुणाला वर जाऊ द्यायचं नाही. तो राखणदार होता.

शनिवारभर सिद्धू फितीजवळच्या दगडावर बसून होता. प्रांजल त्याच्याजवळ बसली होती. तिची दोराची पिशवी तिच्या पायाशी होती. दुपारी ऊन ओट्यावर आलं. आई-बाप पंख पसरून सावली करतात, ती नव्हती. पिलू चोच उघडी ठेवून होतं. सिद्धूला ओट्यापर्यंतचा एकेक धरायचा दगड दिसत होता. प्रांजलने एकदा विचारलं, जायचं का. तो म्हणाला, "म्याच फीत वलांडली तर मग काय ऱ्हायलं, ताई?" ती म्हणाली, बरोबर आहे. दोघंही बसून राहिले. नियम कुणीच मोडला नाही.

रविवारी सकाळी दुर्बिणीत पांढरं दिसत होतं, पण ते हलत नव्हतं. प्रांजल दुपारच्या एसटीने गेली. परवानगी बुधवारी आली.

त्यानंतर हरणाबाई सिद्धूशी पूर्वीसारखंच बोलायची. जेव म्हणायची, पाणी आण म्हणायची. फक्त ती त्याला काही विचारेनाशी झाली. खाली कुठला रस्ता झाला, बाहेर काय चाललंय, साहेब काय म्हणाले, हे ती आता धुळाला विचारी, ज्याला निम्मं ऐकू येत नव्हतं. एकदा सिद्धू तिच्याजवळ जाऊन बसला. आये, मी तुला सांगाया पायजे हुतं, असं तो म्हणाला. ती तांदूळ निवडत होती.

"तवा म्हस जिती हुती," ती म्हणाली. "तू तरी कसं सांगशील." आणि सूप झटकायला उठली.

तिने त्याला दोष दिला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

चैत्रात साहेबांचं पत्र आलं. घरातल्या सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की कडा बंद झाला. स्वप्नालीने इस्लामपूरला भावाकडे कामाची चौकशी करून ठेवली होती. धुळा दोन-तीनदा म्हणाला होता की तो काही खाली उतरायचा नाही, इथेच कुठेतरी पडेल. पत्र सिद्धूने अंगणात उभ्याने वाचलं, मग पुन्हा वाचलं. निकाल आला होता. चढणाऱ्यांचा दोष नव्हता. ठरलेल्या अटीप्रमाणे डाव्या बाजूची बंदी घरटं चालू असेपर्यंतच होती. सध्या कड्यावर गिधाडांचा वावर नसल्याने बंदी उठवण्यात येत होती. फीत आणि पाटी राखणदाराने काढून जमा करावी.

"म्हंजी सगळा कडा उगडा?" स्वप्नालीने विचारलं.

"सगळा."

ती हसली नाही, पण तिचे खांदे खाली आले. हरणाबाईने ऐकलं आणि ती गोठ्यात गेली. गोठा रिकामा होता. तरी ती तिथे बराच वेळ झाडत होती.

प्रांजलने फोनवर सांगितलं की तिची माणसं यंदा येणार नाहीत. पुढचं बघू. पण दुसऱ्या संस्थांना बातमी लागली होती. डावी बाजू कितीतरी वर्षं कुणी नीट चढलं नव्हतं. तिथला कातळ सलग, उंच आणि नवा. पुण्याची एक मोठी तुकडी वैशाखाच्या आत यायचं म्हणाली. ओट्यावरून सरळ वर जाणारी वाट त्यांना पाडायची होती. ओट्यावर दोर अडकवायचे दोन लोखंडी बोल्ट ठोकून ठेवायला, सैल दगड पाडून घ्यायला माहितीतला माणूस हवा होता. सिद्धूने दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी धुळाने गुडघ्यांचं औषध संपल्याचं सांगितलं, आणि त्याने फोन केला.

ते आले त्या सकाळी अंगणात एवढी माणसं कधी बसली नव्हती. स्वप्नाली आणि हरणाबाई पहाटेपासून भाकरी करत होत्या. सिद्धू पठारावरून फिरून कड्याच्या माथ्यावर गेला, झाडाला आणि कातळाला दोर बांधला, आणि पाठमोरा खाली उतरू लागला. कातळ तापायला लागला होता. वरून पहिला भाग, दुसरा भाग, आणि मग पाय ओट्यावर टेकले.

ओटा खालून वाटे त्यापेक्षा रुंद होता. मागच्या कातळावर चुन्याचे पाट ओतावेत तसे पांढरे ओघळ होते. घरटं कपारीला लागून होतं. काटक्या, वाळलेला पाला, गवत, आणि मधल्या खोलगट जागेत वाळून चिकटलेलं पांढरं काहीतरी. वास आता राहिला नव्हता. मुंग्याही येऊन गेल्या होत्या.

त्याने घरट्याला पाय लागू न देता ओट्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन कातळावर हातोडी वाजवली. आवाज पोकळ आला. तिथे बोल्ट धरला नसता. थोडं अलीकडे वाजवली, तिथेही तोच भद्द आवाज. वर, खाली, जितका हात पोचेल तितकं त्याने वाजवून पाहिलं. मग त्याने वाकून, हात लांब करून, घरट्याच्या मागच्या कातळावर हातोडी मारली. तिथे घंटेसारखा स्वच्छ आवाज आला. सगळ्या ओट्यावर पक्का दगड तेवढाच होता.

खालून कुणीतरी हाक मारली, काय झालं म्हणून. उन्हात दोर हातात तापत होता. खाली अंगणात त्याला आई दिसली. ती एवढीशी दिसत होती, आणि तिने वर पाहिलं होतं की नाही हे इतक्या लांबून कळत नव्हतं.

त्याने गुडघे टेकले आणि दोन्ही हात घरट्याखाली घातले. त्याला वाटलं होतं ते जड असेल. ते हलकं होतं. कडेपर्यंत सरकवल्यावर ते एकदम सुटलं नाही. आधी थोड्या काटक्या गेल्या, मग थोड्या, मग उरलेलं सगळं. वाऱ्यावर पांढरी पिसं जरा वेळ वरच राहिली.

"मोकळी झाली का जागा?" खालून विचारलं.

सिद्धूने तळहाताने कातळ पुसला. "झाली," तो म्हणाला, आणि ड्रिल चालू केलं.